दोन पाठी, एक तोंड

३ मार्च, सोमवार

गोदाम सुटलं! आजपासून गाडीवर.

अख्खा हिवाळा त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. खोकी या फळीवरून त्या फळीवर. बोलायला चिटपाखरू नाही. एकदा तर खोक्यालाच म्हणालो, सरक की बाबा. त्याच दिवशी ही वही आणली. म्हटलं खोक्यापेक्षा हिच्याशी बोललेलं बरं.

आमची कंपनी लोकांची घरं हलवते. एका गाडीवर तीन माणसं. मामा म्हणतो, दोन पाठी आणि एक तोंड. मामा गाडी चालवतो आणि आत सामान रचतो. तो माझा मामा नाही, कोणाचाच नाही. पण इथे परदेशात, कंपनीत आपली भाषा बोलणारा तो एकटाच, म्हणून मामा. दुसरी पाठ पैलवान. त्याची भाषा कोणालाच येत नाही आणि त्याला कोणाचीच येत नाही. इंग्रजीचा एकच शब्द येतो — ‘स्लोली’. कपाट जिन्यावरून उतरवताना म्हणतो. तेवढ्यावर त्याचं बरं चाललंय.

तोंड म्हणजे मी.

काम असं. घर हलवताना गिऱ्हाईक दारात उभं राहतं. सगळेच राहतात, मामा सांगतो. आणि सोफा त्याच दारातून जायचा असतो. मग गिऱ्हाइकाला गोड बोलून दारातून हलवायचं, हलकी खोकी नेता नेता गुंतवून ठेवायचं. नाहीतर ते बांधलेली खोकी उघडून बघतं, न्यायच्या पलंगावर बसून राहतं, कधी रडतं. आधीचं तोंड लग्न करून सासऱ्याच्या दुकानात जाऊन बसलं, म्हणून माझा नंबर लागला.

साहेब म्हणाला, एप्रिलअखेर बघू. ऑफिसातली बाई रोज संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन करते. दोनच प्रश्न. काही फुटलं का? माणसं कशी होती? फुटलं तर मामाची मान. माणसं कशी होती, ती मान माझी. तक्रार आली की मी परत गोदामात.

आणि माझं इंग्रजी म्हणजे सातवीपर्यंतचं, तेही मागच्या बाकावरून ऐकलेलं.

पहिलंच घर. बाई दारात. ‘हाऊ आर यू?’ म्हणाली, अगदी हसून. घरातून निघाल्यापासून इतक्या प्रेमाने कोणी विचारलं नव्हतं. मग सांगितलं. खांदा दुखतो, खोलीतला हीटर बंद आहे, झोप लागत नाही. एकेक शब्द जुळवून सांगितलं. खांद्यापर्यंत ती होती. हीटर येईपर्यंत आत निघून गेली.

मामा गाडीत म्हणाला, ‘अरे भाच्या, ते विचारत नाहीत. ती दाराची कडी आहे, नुसती वाजवायची. त्यांनी वाजवली, तू वाजव. नॉट बॅड म्हण आणि खोकं उचल.’

४ मार्च

नॉट बॅड. नॉट बॅड. नॉट बॅड. आरशासमोर.

पैलवान शेजारी दात घासत होता. आम्ही एकाच खोलीत राहतो. त्याने ब्रश काढला आणि गंभीरपणे म्हणाला, ‘स्लोली.’

७ मार्च, शुक्रवार

मामाने मला तीन विषय दिलेत. हवा, रस्ता, कुत्रा. याच्या बाहेर जायचं नाही. कुत्रा नसला तर झाडं. घर का सोडताय हे मरेपर्यंत विचारायचं नाही. पगार, वय, मुलं किती, लग्न झालं का, हेही नाही.

‘मग राहिलं काय?’ मी म्हटलं.

‘काही राहू नये म्हणूनच असतं ते,’ मामा म्हणाला. ‘तासभर बोलायचं आणि दोघांच्याही खिशात काही पडता कामा नये.’

आज हवेवर सुरुवात बरी झाली. ‘नाइस डे.’ ‘लव्हली.’ ‘नॉट कोल्ड.’ ‘नो, नॉट कोल्ड.’ इथे हवा संपली. घरात कुत्रा नाही. बाई आपली माझ्याकडे बघत्येय, मी तिच्याकडे. मागे पैलवान कपाट पाठीवर घेऊन उभा. काहीतरी बोलायला हवं म्हणून तोंडातून आपलं नेहमीचंच निघालं — जेवलात का? म्हणजे इंग्रजीत, ‘यू ईट?’

बाई चपापली. मग म्हणाली, ‘ओ! यू पुअर थिंग!’ आणि धावत स्वयंपाकघरात. बांधलेल्या खोक्यातून सुरी शोधून काढली. आम्हा तिघांना लोणी लावलेले पाव, उकडलेली अंडी, चहा. तोवर दार मोकळं! कपाट, दोन पलंग, कपडे धुवायचं मशीन, सगळं निघून गेलं.

मामा पाव खात खात म्हणाला, ‘हे रोज विचारू नकोस हं.’ पण खूश होता.

९ मार्च, रविवार

मामाच्या घरी गेलो होतो. मामी दातांच्या दवाखान्यात बसते, फोन घेते, लोकांना तारखा देते. तिचं इंग्रजी म्हणजे पाणी. म्हणाली, ‘ये, मी गिऱ्हाईक होते, मला हलव दारातून.’ आणि खरंच जाऊन दारात उभी राहिली, हाताची घडी घालून.

मी म्हटलं, ‘मॅडम, प्लीज गो.’

‘पोलिसासारखं काय बोलतोस रे? असं म्हण — वुड यू लाइक टु सिट डाउन?’

‘एवढं लांबलचक?’

‘जितकं लांब तितकं गोड. छोटं बोललास की हुकूम होतो.’

ही भानगड मला आवडली नाही. आपल्याकडे ‘बसा’ म्हटलं की माणूस बसतो, वर पाणी मागतो. इथे बस म्हणायला आधी त्याला विचारायचं, तुला बसायला आवडेल का. बरं, विचारतो. पाठ केलं.

मामीने आणखी काही शब्द दिले. ‘नो वरीज’ — कोणी सॉरी म्हटलं की. ‘फेअर इनफ’ — समोरचा काहीतरी बोलला, पटलं नाही, पण वाद नको. ‘आय नो’ — याचा माहीत असण्याशी संबंध नाही, म्हणजे आपलं ‘हं’. ‘रिअली?’ — हे नुसतं भुवया वर करून म्हणायचं, मग समोरचा आपोआप पुढचं सांगतो.

मामा-मामी एकमेकांशी पण तसंच बोलतात, हे बघून गंमत वाटली. मामाने मीठ पुढे सरकवलं, मामी म्हणाली ‘थँक यू’. मामा म्हणाला ‘नो प्रॉब्लेम’. नवरा-बायको! आमच्या घरी आई बाबांना मीठ देते ते डबा आपटून. एवढी वर्षं इथे राहिलं की माणूस किती सुधारतो, असं मनात आलं.

१३ मार्च

‘रिअली?’ चालतं! आज एका म्हाताऱ्या बाईला सहा वेळा म्हणालो. तिने नवऱ्याचं ऑपरेशन, बहिणीचं भांडण, मांजराचं नाव कोणी ठेवलं, सगळं सांगितलं. मला त्यातलं पावभर कळलं. फोनवर तिने ऑफिसातल्या बाईला सांगितलं, मुलगा फार छान बोलतो.

मी बोललोच कुठे?

१५ मार्च, शनिवार

दमलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. गिऱ्हाईक एकटी बाई, शिक्षिका, फार साधी. तिचं सामान नव्या घरात उतरवलं, पलंग जोडून दिला. निघताना हात जोडले, नीट निरोप घेतला. आपल्यावर संस्कार आहेत.

१७ मार्च, सोमवार

घोटाळा झालाय. माझ्यामुळेच.

सकाळी ऑफिसातल्या बाईने आत बोलावलं. साहेबही बसलेला. शनिवारच्या शिक्षिकेची तक्रार. तुमचा मुलगा परत येतो म्हणाला आणि आलाच नाही. ती दार उघडं ठेवून संध्याकाळभर बसून राहिली. काहीतरी राहिलं असेल, आणायला गेला असेल, असं तिला वाटलं. भावाकडे जायचं होतं, तिथेही गेली नाही.

मी म्हटलं, मी असं कधी म्हणालो?

मग आठवलं. निघताना मी म्हणालो होतो, ‘ओके मॅडम, आय कम.’

दुसरं काय म्हणणार? जातो म्हणतात का कोणी? घरातून निघताना लहानपणी एकदा ‘जातो’ म्हणालो तर आजीने उंबऱ्यावरून परत बोलावलं होतं, येतो म्हण आणि मग नीघ. ते साहेबाला इंग्रजीत कसं सांगायचं? म्हणालो, ‘इन माय हाउस, गो इज बॅड.’ साहेबाने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, ‘फेअर इनफ.’ म्हणजे पटलेलं नाही. आणि बोट वर केलं. एक. आणखी एक तक्रार झाली की गोदाम.

मामाला गाडीत सांगितलं तर त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. डोळे पुसत हसत होता. पैलवानाला काही कळलं नाही, पण तोही हसला.

‘सी यू म्हणायचं रे,’ मामा म्हणाला. ‘सी यू, टेक केअर, आणि सुटायचं.’

‘पण सी यू म्हणजे भेटू. ती मला कुठे भेटणार?’

‘कुठेच नाही. म्हणून तर बिनधास्त म्हणायचं.’

तिचं मात्र वाईट वाटतं. दार उघडं ठेवून बसली होती म्हणे. आजच्या जमान्यात कोण बसतं कोणासाठी?

२० मार्च

सी यू. सी यू. टेक केअर.

जीभ वळते, मन वळत नाही.

२३ मार्च, रविवार

मामाकडे गेलो तर मामा घरी नव्हता. गाडी धुवायला गेलाय, मामी म्हणाली. रविवारी? असो.

मामीला ‘आय कम’ची गोष्ट सांगितली. मामाने केलेली टिंगलही सांगितली, त्याच्याच आवाजात. मामी हसली. मग मला चहा देताना विचारलं, ‘गाडीत बोलतो का रे तो?’

‘मामा? थांबतच नाही! सकाळी चावी फिरवली की इंजिनाच्या आधी मामा सुरू होतो. लहानपणी विहिरीत पडला होता ते, पहिल्या नोकरीत स्वतःलाच आत कोंडून कुलूप लावलं ते, एका घरात पोपटाने त्याला शिव्या दिल्या ते...’

‘पोपटाने?’

‘तुम्हाला नाही सांगितलं?’

‘नाही,’ मामी म्हणाली. ‘सांग ना.’

पोपटाची गोष्ट सांगितली. विहिरीचीही सांगितली. तीही तिला माहीत नव्हती. कान देऊन ऐकत होती, मधेच ‘मग?’ म्हणायची. मामा आला तेव्हा मी कुलपावर होतो.

मामाने चपला काढल्या. मामी म्हणाली, ‘हाऊ वॉज इट?’ मामा म्हणाला, ‘नॉट बॅड.’ आणि आत गेला.

२८ मार्च, शुक्रवार

आज मी राजा.

गिऱ्हाईक निवृत्त फौजी. मान ताठ, हाताची घडी, बरोबर दाराच्या मधोमध. वुड यू लाइक टु सिट डाउन म्हटलं तर ‘नो.’ नाइस डे म्हटलं तर वर बघितलं आणि ‘इज इट?’ कुत्रा होता, पण तोही तसाच — बसून माझ्याकडे रोखून बघणारा. मामा गाडीतून खुणा करतोय, वेळ जातोय.

मग रस्ता काढला. म्हटलं, सर, आम्ही नव्या घरी पुलावरून जाणार. एवढंच म्हणालो.

‘पुलावरून?’ म्हणाला. जसं काही मी त्याच्या आईवरून काही बोललो. मला कोपरापाशी धरलं, बागेत नेलं आणि काठीने मातीत नकाशा काढायला लागला. इथे सिग्नल, इथे शाळा सुटते, इथे चार वाजता सगळं ठप्प. मी ‘रिअली?’ म्हणालो. मग ‘टेल मी अबाउट इट’ म्हणालो — मामीने सांगितलंय, हे म्हणायचं म्हणजे सांगा असं नाही, म्हणजे माझंही तेच मत. पण त्याने ते सांगा असंच घेतलं आणि सांगायला लागला. आणखी तीन रस्ते. त्याच्या पाठीमागून सोफा गेला, टेबल गेलं, पियानो गेला. पियानो! पैलवान ‘स्लोली, स्लोली’ करत चार माणसांचं काम एकटा करत होता.

संध्याकाळी ऑफिसातल्या बाईने सांगितलं, फौजी म्हणाला ‘चार्मिंग यंग मॅन’. मामाला अर्थ विचारला. मामा म्हणाला, ‘माझ्यासारखा.’

४ एप्रिल

हवेवर आता मी पंधरा मिनिटं बोलू शकतो. पाऊस असला तर अर्धा तास.

८ एप्रिल, मंगळवार

ऑफिसातल्या बाईने शनिवारचं काम सांगितलं. तुमचा ड्रायव्हर सुट्टीवर आहे, दुसरा देते, म्हणाली. एका बाईचं सामान, अर्धंच घर. त्या बाईने मुद्दाम तुलाच मागितलंय.

मला बरं वाटलं. नाव झालं म्हणायचं आपलं! मग तिने पत्ता वाचला.

मामाचं घर.

मी दोनदा वाचायला लावलं.

९ एप्रिल, बुधवार

साहेबाकडे गेलो. शनिवारी मला दुसरीकडे पाठवा, असं सांगायचं होतं. शब्द रात्रीच जुळवून ठेवले होते. साहेबाने मान वर केली. ‘प्रॉब्लेम?’

‘नो प्रॉब्लेम,’ मी म्हणालो.

तोंडातून आपोआपच गेलं. इतकी सवय झालीये. बाहेर आलो आणि जिन्यावर बसून राहिलो.

पुन्हा आत जाता आलं असतं. पण काम नाकारलं तर साहेब कुठे पाठवणार, ते माहीत आहे. खरं सांगायचं तर तेही डोक्यात होतं.

१० एप्रिल, गुरुवार

गाडीत मामा दिवसभर बोलत होता. निवडणुका, टायर, पैलवानाच्या घोरण्यावर उपाय. मी ‘हं’ आणि ‘खरं?’ करत होतो.

शेवटच्या सिग्नलला गाडी थांबली. समोर बघत म्हणाला, ‘शनिवारी तू आहेस म्हणे.’

‘हो मामा.’

‘तिची काचेची भांडी आहेत, तिच्या आईची. खाली ठेवायची, पण पलंगाच्या पायाजवळ नको.’

‘मामा, भांडण झालं का?’

‘भांडण कुठे रे,’ मामा म्हणाला. ‘भांडण झालं असतं तर...’

सिग्नल सुटला. पुढे टायरचं सुरू झालं.

१२ एप्रिल, शनिवार

लिहायला बसलोय खरा.

सकाळी गेलो. नवा ड्रायव्हर तरुण आहे, कानात सतत गाणी. मामीने सगळं नीट बांधून ठेवलं होतं. खोक्यांवर नावं लिहिलेली. दवाखान्यासारखं. बहिणीच्या गावी चालली आहे, तिथे दवाखान्यातच काम मिळालंय.

मामा सुट्टी घेऊन कुठेतरी गेला असेल, असं मी धरलं होतं. तर मामा दारात. हाताची घडी नाही, काही नाही. नुसता उभा. चौकटीला खांदा लावून.

मी आधी स्वयंपाकघरात गेलो, मामीकडे. तिथे एकच खोकं उरलं होतं. मामीच बोलली. ‘तुला का मागितलं, राग आला का?’

‘नाही मामी.’

‘दुसरं कोणी असतं तर त्याला दारातून ओढून काढावं लागलं असतं.’ मग खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाली, ‘तुझा मामा सगळ्या जगाशी बोलतो रे. पोपटाची गोष्ट मला तुझ्याकडून कळली. मला कित्येक वर्षं नॉट बॅडच ऐकायला मिळतंय. कसा आहेस, नॉट बॅड. दुखतंय का, नॉट बॅड. त्याची आई गेली तेव्हापण...’ पट्टी दाताने तोडली. ‘मीही काही कमी नाही. मीपण थँक यू म्हणत राहिले. सोपं पडतं. वर्षं निघून जातात.’

मी खोकं उचललं. दारात गेलो. मामा तसाच. मागे पैलवान मामीचं कपाट पाठीवर घेऊन आलेला. घाम गळतोय त्याच्या नाकावरून. मामा त्याच्याकडे बघत होता, पण दिसत नव्हतं बहुतेक त्याला काही.

आता हलवायचं. माझं कामच ते.

‘लव्हली डे, मामा,’ मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

‘ते माझ्यावर नको वापरूस,’ मामा म्हणाला.

खरंच होतं. माझ्याकडचा प्रत्येक शब्द त्याच्याच घरातून आलेला. त्या शब्दांत काय आहे आणि काय नाही, ते त्याला माहीत. म्हटलं, मराठीत बोलावं. पण मराठीत तोंड उघडलं असतं तर आम्ही दोघंही तिथेच बसलो असतो. पैलवान कपाटाखाली हलला. ‘स्लोली’ सुद्धा म्हणाला नाही.

मग मी बाहेर गाडीकडे बघितलं. नवा ड्रायव्हर सामान रचत होता. म्हणजे आपला फेकत होता. गादी उभी, तिच्यावर खोकी तिरकी, मधे एवढाली पोकळी.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘तो बघा कसं रचतोय. पहिल्या वळणाला सगळं पडेल.’

मामाने बघितलं. आधी नुसतं. मग डोळे बारीक केले. मग खांदा चौकटीवरून सुटला.

‘मूर्ख आहे का तो,’ मामा म्हणाला आणि निघाला. सरळ गाडीत चढला. त्या पोराला हाताने बाजूला केलं, त्याच्या कानातली वायर ओढून काढली आणि सगळं सामान परत खाली उतरवलं. पैलवान कपाट घेऊन बाहेर पडला. मागून मी, माझ्या मागे मामी, हातात भांड्यांचं खोकं घेऊन.

मामाने गाडी पहिल्यापासून रचली. कपाट मागच्या भिंतीला, दोरी दोनदा फिरवून. मध्ये गादी, म्हणजे काचेला धक्का बसू नये. मामीच्या हातातलं खोकं स्वतः खाली येऊन घेतलं. आत नेलं, ठेवलं, हलवून बघितलं, पुन्हा उचललं, खाली घडी केलेलं ब्लँकेट सरकवलं. ते ब्लँकेट गाडीचं नव्हतं, घरातलं होतं. मामी खाली उभी राहून सगळं बघत होती. थँक यू म्हणाली नाही. मामाही नो प्रॉब्लेम म्हणाला नाही.

गाडी इतकी घट्ट रचली होती की पूर्ण वाटेत एक भांडं वाजलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

ऑफिसातल्या बाईने मामीला फोन केला होता. काही फुटलं का? नाही. माणसं कशी होती? मामी म्हणाली, फार चांगली. बाईने कागदावर मोठी बरोबरची खूण केली आणि मला दाखवली.

साहेबाने हात मिळवला. एप्रिलअखेरची वाट बघायची गरज नाही, म्हणाला. पक्का! नवा कोट पण मिळाला, कंपनीचं नाव लिहिलेला.

गाडीवर मात्र परत तो गाणीवाला. मामा कुठे, विचारलं. साहेब म्हणाला, त्याने स्वतःच गोदाम मागितलं. आजपासून.

मला वाटलं काहीतरी चुकीचं ऐकलं. गोदाम कोण मागतं?

१७ एप्रिल, गुरुवार

उरलेली खोकी टाकायला गोदामात गेलो. मामा शेवटच्या फळीपाशी होता. मी हाक मारली.

‘काय मामा, कसं काय?’

‘नॉट बॅड,’ म्हणाला आणि पुढचं खोकं उचललं.

मी गाडीत बसलो. गाणीवाल्याने गाणं लावलं. पुढच्या घरी बाई दारात उभी होती, तिला पाच मिनिटांत हलवलं. हसतसुद्धा होती ती.

२१ एप्रिल, सोमवार

कोट परत दिला. साहेब म्हणाला, ‘आर यू शुअर?’ मी म्हटलं शुअर. कारण विचारलं. मामा तिकडे खोक्यांशी बोलायला लागेल, हे इंग्रजीत सांगता आलं नाही.

गोदामात पहिला दिवस. मामाने मला बघितलं आणि हातातलं खोकं खाली ठेवलं. मग सुरू झाला. गाढव आहेस, पक्की नोकरी लाथाडलीस, आईला काय सांगणार, तुझ्या डोक्यात भुसा आहे, मी सांगितलं होतं का तुला यायला, कोण समजतोस स्वतःला? दुपारी जेवायला थांबला. मग पुन्हा सुरू.